निदानविचार आणि त्याची भाषा

डॉक्टर निदानापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाच्या अभ्यासाला एल्स्टीन, शुलमन व स्प्राफ्का यांच्या ‘मेडिकल प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ (१९७८) या अमेरिकेतील ग्रंथाने नवे वळण दिले. रुग्णाची भूमिका वठविणारे नट डॉक्टरांपुढे बसवावयाचे, त्या तपासणीचे चित्रण करावयाचे आणि ते पुन्हा दाखवून ‘या क्षणी आपल्या मनात काय होते?’ असे डॉक्टरांनाच विचारावयाचे, ही त्यातील एक पद्धती. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. समव्यावसायिकांनी निष्णात म्हणून निवडलेले डॉक्टर आणि इतर डॉक्टर यांच्या विचारपद्धतीत फरक आढळेना. दोघेही प्रारंभीच मोजके तर्क योजीत आणि पुढील प्रश्न त्यांच्या अनुरोधाने विचारीत. शिवाय, एका रुग्णाचे निदान अचूक करणारा दुसऱ्याचेही तसेच करील, असा भरवसा नव्हता.

निष्कर्ष प्रामाणिक आहे. परंतु डॉक्टरांचे बोलणे येथे पारदर्शक काच मानले गेले आहे. तर्क किती सुचले व केव्हा, याची मोजदाद झाली. ते कोणत्या शब्दांत सुचले, इकडे फारसे लक्ष गेले नाही.

ही उणीव बोर्डाज व लेमिए यांच्या १९९१ च्या निबंधात भरून निघते. ‘काल रात्रीपासून डावा पाय सुजला आहे’ असे रुग्ण सांगतो; जाणता डॉक्टर त्याचे ‘आशुकारी, एकपार्श्वी सूज’ असे रूपांतर करतो. ‘आशुकारी’ म्हणताच ‘चिरकारी’ वगळले जाते, ‘एकपार्श्वी’ म्हणताच ‘उभयपार्श्वी’. शब्दाचे मूल्य विरोधातून ठरते, हा संरचनावादी भाषाविज्ञानाचा सिद्धान्त येथे अनपेक्षितपणे रुग्णाच्या खाटेशी येऊन उभा राहतो. अचूक निदान करणाऱ्यांच्या बोलण्यात असे विरोध अधिक विविध आढळले. अर्थात, शब्दांमुळे निदान साधते की निदान साधल्यामुळे शब्द सुचतात, हे एवढ्याने ठरत नाही, आणि ‘असे शब्द वापरा’ असा विद्यार्थ्यांना उपदेश करण्याची घाई म्हणूनच अस्थानी होय.

महाराष्ट्रात तर रूपांतर दुहेरी आहे. ठणका, कळ, चमक हेही परस्परविरोधाने उभे असलेले शब्दच. इंग्रजी टिपणात त्यांची पुष्कळदा एकच ‘पेन’ होते. रुग्णाशी मराठीत बोलणाऱ्या आणि वैद्यक इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टराला मनातले मोठ्याने बोलावयास सांगितले, तर तो कोणत्या भाषेत बोलेल? एल्स्टीनप्रभृतींना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. येथील संशोधकाला मात्र पहिले ध्वनिमुद्रण करण्यापूर्वीच त्याचा निर्णय करावा लागेल.