फिट आजी-आजोबा जास्त जगतात, हे खरं. पण फिटनेसमुळेच?

समजा, तुमचा पीएच.डी.चा प्रस्ताव असा आहे: येरवड्यातल्या एखाद्या बागेत रोज सकाळी फिरायला येणारे साठीपुढचे शंभर जण घ्यायचे, आसपासच्या वस्तीतले न फिरणारे शंभर जण घ्यायचे, आणि पाच वर्षांनी कोण उरलं ते मोजायचं. निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. फिरणारे जास्त उरतील. मार्गदर्शक विचारतील, "मग यातून काय सिद्ध झालं?" आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते.

हा प्रश्न नीट समजायचा असेल तर या विषयातला एक गाजलेला शोधनिबंध उघडून बसूया. झुएमेई सुई, स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांचा, २००७ साली 'जामा'मध्ये छापून आलेला. 'मध्यम फिटनेससुद्धा पुरतो' हे वाक्य तुम्ही आरोग्य पुरवणीत वाचलं असेल, तर त्यामागे असेच निबंध असतात. अमेरिकेत डॅलसच्या कूपर क्लिनिकमध्ये तपासणीला आलेले साठ आणि त्यापुढचे २,६०३ लोक. त्यांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवलं, किती वेळ टिकले ते नोंदवलं आणि त्यावरून पाच गट पाडले. मग सरासरी १२ वर्षं पाठपुरावा केला. या काळात ४५० जण वारले.

आकडे बघा. दर हजार व्यक्ती-वर्षांमागे मृत्यू, सगळ्यात कमी फिट गटापासून वर जाताना: ३२.६, १६.६, १२.८, १२.३, ८.१. (व्यक्ती-वर्ष म्हणजे एका माणसाचा एक वर्षाचा पाठपुरावा. दहा माणसं पाच वर्षं पाहिली तर पन्नास व्यक्ती-वर्षं.) पहिल्यावरून दुसऱ्या गटात गेलं की दर थेट अर्ध्यावर येतो. त्यानंतरच्या पायऱ्या लहान आहेत. म्हणजे मॅरेथॉन पळायची गरज नाही, तळातून थोडं वर आलं की काम झालं. हा निबंधाचा खरा चटका लावणारा भाग. वजन आणि चरबीचा हिशोब धरूनही हा फरक टिकला, हे त्यांचं मोठं यश आणि ते मान्यच करायला हवं.

आता तोच आकडा उलटा वाचा. तळाच्या पाचव्या हिश्शात कोण असतं? आळशी लोक असतातच. पण अजून निदान न झालेला कर्करोग असलेला, हृदय हळूहळू कमजोर होत चाललेला, रक्त कमी असलेला माणूससुद्धा ट्रेडमिलवर लवकर दमतो आणि त्याच गटात जाऊन बसतो. त्याचा फिटनेस कमी म्हणून तो वारला, की मरणाकडे नेणारा आजार आधीच होता म्हणून फिटनेस कमी दिसला? याला उलट कार्यकारणभाव म्हणतात. सगळ्यात मोठी घसरण नेमकी तळाशीच दिसावी, हे 'थोडा फिटनेस पुरतो' या अर्थाशी जुळतं, आणि 'तळाच्या गटात आजारी लोक साचलेत' या अर्थाशीही तितकंच जुळतं. एकच आलेख, दोन गोष्टी. संशोधक आधीचे आजार, सिगारेट, ईसीजीतले बिघाड यांचा हिशोब धरतात. पण ज्याचं निदानच झालं नाही ते कोणत्या रकान्यात लिहिणार?

दुसरी गोष्ट, आणि इथे माझ्या मते वृत्तपत्रं सरसकट घोटाळा करतात: ट्रेडमिलवर मोजला जातो फिटनेस, व्यायाम नाही. दोन्हींचा संबंध आहे, पण दोन्ही एक नाहीत. 'हेरिटेज' नावाच्या कुटुंब-अभ्यासात क्लोद बुशार यांच्या गटाला असं दिसलं की बैठं आयुष्य जगणाऱ्यांमधल्या फिटनेसच्या फरकाचा जवळपास निम्मा भाग कुटुंबातून येतो. त्याहून बोलका प्रयोग कोख आणि ब्रिटन यांच्या उंदरांचा. पिढ्यान्‌पिढ्या जास्त पळू शकणारे उंदीर वेगळे आणि कमी पळणारे वेगळे वाढवले. कसलंही प्रशिक्षण दिलं नाही. तरी कमी क्षमतेच्या उंदरांचं आयुष्य २८ ते ४५ टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे चांगलं इंजिन जन्मतःच मिळालं तर माणूस ट्रेडमिलवरही टिकतो आणि जगतोही जास्त. व्यायामाला श्रेय द्यायचं असेल तर वेगळा पुरावा लागेल. ब्लेअर यांनीच १९९५ मध्ये तो द्यायचा प्रयत्न केला होता. दोनदा तपासणी झालेल्या ९,७७७ पुरुषांपैकी जे अनफिटचे फिट झाले, त्यांचा मृत्यूचा धोका अनफिटच राहिलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी निघाला. पुरावा वजनदार आहे. तरी प्रश्न उरतो, ज्यांना सुधारणा जमली त्यांना ती का जमली?

येरवड्यात राहून हा विषय शिकणाऱ्याला एक उदाहरण दारातच मिळतं. नगर रोडवरचा आगाखान पॅलेस. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे स्थानबद्ध केलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. साठीत त्यांनी दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर २४ दिवसांत पायी कापले होते, चालणं हा त्यांचा रोजचा नेम होता. इथेच ७३ व्या वर्षी २१ दिवसांचा उपास करून ते उठले. 'रोज चाला, दीर्घायुषी व्हा' यासाठी याहून चांगलं पोस्टर कुठलं? पण त्याच वाड्याच्या आवारात दोन समाध्या आहेत. एक महादेवभाई देसाईंची. वर्ध्याहून सेवाग्रामला पायी जा-ये करणारा हा माणूस स्थानबद्धतेच्या पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट १९४२ ला, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५०. दुसरी समाधी कस्तुरबांची, २२ फेब्रुवारी १९४४, वय ७४.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही हे तुम्हाला पाठ आहे. ते जाऊ द्या. इथे शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. गांधीजी ७८ व्या वर्षी गोळीने गेले. तुमच्या डेटाशीटमध्ये हा मृत्यू कसा भराल? 'कोणत्याही कारणाने मृत्यू' हे फलित असेल तर ती घटना मोजली जाईल, आणि चालण्याच्या खात्यात एक अपयश पडेल. 'हृदयविकाराने मृत्यू' हे फलित असेल तर ३० जानेवारी १९४८ ला त्यांचा पाठपुरावा थांबला एवढंच लिहाल, म्हणजे सेन्सॉर कराल. याला स्पर्धक धोका म्हणतात. वृद्धांच्या अभ्यासात असे मृत्यू अपवाद नसतात, अपघात, संसर्ग, पडणं हे सगळं त्यात येतं. फलित कोणतं ते आधी ठरवा, डेटा हातात आल्यावर नाही.

मग मार्ग एकच: चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. रँडमाइज्ड ट्रायल. ती झाली आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये 'जनरेशन १००' या अभ्यासात ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांना पाच वर्षं तीन गटांत ठेवलं. मध्यम व्यायाम, तीव्र व्यायाम, आणि तिसऱ्या गटाला फक्त सरकारी सल्ला पाळायला सांगितलं. २०२० मध्ये 'बीएमजे'त निकाल आला. मृत्यू: सल्ला गटात ४.७ टक्के, मध्यम गटात ५.९, तीव्र गटात ३.०. हे फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरवून सांगण्याइतके मोठे नव्हते. मध्यम व्यायामाचा आकडा तर उलट्या बाजूला आहे.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी? अजिबात नाही, आणि असा मथळा देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सल्ला गटातले लोकही भरपूर व्यायाम करत होते. शिवाय स्वतःहून अशा अभ्यासात येणारी माणसं आधीच ठणठणीत: त्या वयाच्या नॉर्वेजियन लोकांत पाच वर्षांत साधारण १० टक्के मृत्यू अपेक्षित होते, इथे तिन्ही गट मिळून ४.६ टक्केच झाले. मृत्यू एकूण ७२. आता हिशोब करा. धोका २० टक्क्यांनी कमी होतो हे दोन समान गटांत ८० टक्के खात्रीने पकडायचं असेल तर सुमारे ६३० मृत्यू लागतात. ४.६ टक्क्यांच्या दराने म्हणजे जवळपास १४ हजार माणसं, पाच वर्षं. हा हिशोब करून बघा, कारण तुमच्या शंभर-शंभरच्या प्रस्तावाचं काय होईल ते त्यातच आहे.

अमेरिकेतल्या 'लाइफ' ट्रायलकडे मला जास्त आदराने बघावंसं वाटतं. ७० ते ८९ वयाचे, बैठं जीवन जगणारे १,६३५ जण, सरासरी २.६ वर्षं. त्यांनी मुख्य प्रश्न मरणाचा ठेवलाच नाही. विचारलं एवढंच, की ४०० मीटर चालता येतंय का? ती क्षमता गमावणारे व्यायाम गटात ३०.१ टक्के, आरोग्य-शिक्षण गटात ३५.५ टक्के. फरक खरा निघाला. मृत्यू मात्र ४८ विरुद्ध ४२, म्हणजे काहीच ठरत नाही. चारशे मीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण रेशनचं दुकान, बसथांबा, दवाखाना यांच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाणं आणि मुलाच्या सुट्टीची वाट बघत बसणं, यातला तो फरक आहे.

आणि बागेत न दिसणाऱ्यांचं काय? लक्ष्मीनगरमधल्या वस्तीतून चार घरची धुणीभांडी करायला जाणाऱ्या साठीच्या मावशी तुमच्या प्रश्नावलीत 'व्यायाम करत नाही' वर खूण करतील. दिवसभर उभ्या असतात त्या. कोपनहेगनमधल्या १,०४,०४६ लोकांच्या अभ्यासात (२०२१) फावल्या वेळातली हालचाल जास्त तसा धोका कमी दिसला, पण कामावरची खूप जास्त हालचाल असणाऱ्यांत मृत्यूचा धोका २७ टक्के जास्त दिसला. शरीराला विश्रांती नसलेलं ओझं वेगळं वागतं, की गरिबी इथे कष्टाचा मुखवटा घालून आली आहे, यावर वाद चालू आहे. पण सकाळी फिरायला जाणं ही आपल्याकडे पेन्शन, फावला वेळ आणि बरे गुडघे असल्याची खूण आहे, एवढं तरी कन्फाउंडरच्या यादीत लिहा. "तुम्ही चालत नाही म्हणून आजारी पडता" असं त्या मावशींना ऐकवणाऱ्या अहवालावर तुमचं नाव नको.

मग प्रस्तावाचं करायचं काय? फेकून देऊ नका, प्रश्न बदला. ट्रेडमिल नसेल तर चालण्याचा वेग मोजा: चार मीटर अंतर, एक स्टॉपवॉच. स्टुडेन्स्की यांच्या गटाने २०११ मध्ये ६५ पुढच्या ३४,४८५ जणांच्या नऊ अभ्यासांतून दाखवलं की वेग सेकंदाला ०.१ मीटरने जास्त असला की मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी असतो. तोही संबंधच आहे, कारण नव्हे, वरची सगळी टीका त्यालाही लागू. पण तुम्ही तो कारण म्हणून नाही, मोजमाप म्हणून वापरणार आहात. ०.८ च्या वेगाने १२ मीटरचा रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात, ०.५ ने २४. नगर रोडवर हे नऊ सेकंद किती असतात ते उभं राहून बघा. मोठा डेटा हवा असेल तर देवनारच्या आयआयपीएसने केलेला 'लासी'चा २०१७-१८ चा पहिला टप्पा आहे, ७२ हजारांहून जास्त लोकांचा, त्यात हाताची पकड आणि चालण्याचा वेग दोन्ही मोजलेत. आधी त्याची प्रश्नावली डाउनलोड करा आणि बघा की घरकाम, मजुरी आणि व्यायाम यांचे प्रश्न वेगवेगळे विचारलेत का.