दगडू बोलतो, दया ऐकतो. मग सई कुठे आहे?

कादंबरीत तीन-चार निवेदक आले की आपण त्याला लेखकाची युक्ती म्हणतो. मराठी दलित आत्मकथनांत मात्र ती युक्ती नाही, गरज आहे. जात एकाच घरातल्या दोघांना सारखी भेटत नाही, म्हणून एका आवाजात ती मावत नाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) घ्या. तिथे एकाच माणसाचे दोन माणूस झालेत. दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला, नोकरदार दया पवार ऐकतो. दगडूकडे गाव, महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना आहे. दयाकडे पांढरपेशांत बसण्याचा परवाना आहे, पण तो कधीही काढून घेतला जाईल अशी धास्तीही आहे. हे सगळं एकट्या ‘मी’ने सांगितलं असतं तर ती गरिबीतून वर आलेल्या माणसाची यशोगाथा झाली असती. दोघांमुळे कळतं की वर येताना स्वतःचाच एक भाग लपवावा लागला. आमच्या दिव्यात खोली भाड्याने बघताना ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाला आडनाव टाळून उत्तर देणाऱ्याला दगडू आणि दया वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पण हे दोन्ही निवेदक पुरुषच आहेत. दगडूची पहिली बायको सई. संशयापायी तिचा संसार मोडला. दगडूला त्याची बोच आहे, तो स्वतःला सोडत नाही. तरी सईला ‘मी’ म्हणायला एक पानही मिळत नाही.

ती जागा नरेंद्र जाधवांच्या पुस्तकात थोडी भरते. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या नावातच अनेकवचन आहे, आणि ‘आउटकास्ट’ या इंग्रजी रूपात दामू आणि सोनू हे नवरा-बायको आलटून पालटून बोलतात. ओझरची येसकरकी झुगारून मुंबई गाठणारा दामू स्वाभिमानाबद्दल, बाबासाहेबांबद्दल बोलतो. सोनू बोलते तेव्हा त्या स्वाभिमानाचा घरखर्च दिसतो. धर्मांतराच्या वेळी दामूचा निर्णय पक्का असतो, तर सोनूचा जीव देव्हाऱ्यातल्या देवांत अडकलेला असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर घटना एकच, लॉग दोन. चूक शोधायची तर दोन्ही वाचावे लागतात.

तरी एक अडचण उरतेच. दामूने स्वतः लिहून ठेवलं होतं. सोनूचं ऐकून मुलाने मांडलं. तिचा ‘मी’ मुलाच्या हातून आलाय. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, पण सोनू नवऱ्यावर जिथे चिडते आणि लगेच सावरते, तिथे मी थांबतो. सावरलं कोणी, आईने की मुलाने?

बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) स्वतःच्या हाताने लिहिलं, तेही वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून. आणि त्यांनीही स्वतःला बसलेला नवऱ्याचा मार पुस्तकाबाहेर ठेवला. तो नंतर मुलाखतीत सांगितला. समाजाचं दुःख मांडताना घरातलं दुःख मागे ठेवावं लागलं.

म्हणजे निवेदक वाढले म्हणून न्याय झाला, असं नाही. गावाने दगडूला बोलू दिलं नाही, हे ‘बलुतं’ सांगतं. सईला कोणी बोलू दिलं नाही, हे ते सांगत नाही, फक्त दाखवतं. अशी पुस्तकं वाचताना किती जण बोलले हे मोजून झालं, की कोणाला ‘मी’ मिळाला नाही हेही बघा. विषमतेचा तळ बहुतेक वेळा तिथेच असतो.