सह्याद्रीच्या मापाची पुस्तकं

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. आदिवासी विकास विभागाची ती 'मिशन शौर्य' मोहीम. सत्कार झाले, फोटो छापून आले, आणि वैनगंगेकाठच्या चामोर्शीसारख्या गावातल्या पोराने 'मलाही हिमालयात जायचंय' म्हटलं, तर आता त्याला कुणी वेड्यात काढत नाही. पण हेच पोर पुस्तकाच्या दुकानात गेलं, की अडचण सुरू होते. मराठीत हिमालयावर पुस्तकं मिळतात. त्यातली बहुतेक यात्रेची वर्णनं, नाहीतर गाजलेल्या मोहिमांच्या कहाण्या. वाचायला झकास. मात्र कितव्या दिवशी किती उंचीवर झोपायचं आणि कुठून मुकाट्याने मागे फिरायचं, हे विचारलं की दुकानदार इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवतो.

डोंगरावरच्या पुस्तकांची मराठीला वाण आहे असं मुळीच नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने पिढ्यान् पिढ्या माणसं गडांवर धाडली. प्र. के. घाणेकरांच्या 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची'ने गडागडाची माहिती नीट लावून दिली. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा' तर अनेक डोंगरभटक्यांच्या सॅकमध्ये कोपरे झिजेपर्यंत फिरली. तिची खरी ताकद नकाशांत आणि घाटवाटांत. गड सुटा न दाखवता रांग, सोंड, खिंड आणि खालची गावं एकमेकांना जोडून दाखवायची, ही दृष्टी तिच्यात आहे. इंग्रजीत हरीश कापडिया यांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' याच कामाचं. त्यात भावनेला जागा कमी. वाट, वेळ आणि अवघडपणा यांच्याशीच मतलब.

एवढा वारसा असूनही आज खपणारी बरीचशी किल्ल्यांची पुस्तकं एकाच साच्यातून निघतात. आधी तीन पानं इतिहास, मग दरवाजा, टाकी, सदर आणि तोफ, आणि शेवटी 'जायचे कसे' या मथळ्याखाली चार ओळी. त्या ओळी जरा जवळून वाचाव्यात. 'खिंडीतून डावीकडची मळलेली वाट धरावी.' डावीकडची म्हणजे कुणीकडे तोंड करून? कारवीच्या रानात गुरं चरून गेल्यावर ढोरवाटाही तितक्याच मळलेल्या दिसतात. 'पुढे आंब्याचे मोठे झाड लागते.' ते झाड तुटून गेलं असलं तर वाचणाऱ्याने काय करायचं? 'टाक्यात पाणी आहे.' कोणत्या महिन्यापर्यंत? डिसेंबरात लिहिलेलं ते वाक्य एप्रिलात माणसाला संकटात टाकतं. आणि 'श्रेणी मध्यम' म्हणजे नेमकं काय? कोरड्या कातळावरचा सोपा टप्पा पावसात शेवाळला की रोपशिवाय उतरवत नाही. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून कुटुंबकबिल्यासह जाता येतं; नळीच्या वाटेने जायचं तर घसारा, कातळटप्पे आणि सोबतीला जाणता माणूस हवा. दोन्ही वाटा एकाच परिच्छेदात उरकणारं पुस्तक हातात घेऊन खाली ठेवावं, हे बरं.

या त्रुटीचं मूळ कुठेतरी सह्याद्रीच्या उंचीत आहे. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. तिथे दम लागतो तो चढामुळे, हवा विरळ झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे उंचीचा आजार हा विषय मराठी मार्गदर्शकांत शिरलाच नाही. चामोर्शी समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटरवर. तिथला माणूस विमानाने थेट लेहला उतरला, तर पहिली रात्र सुमारे ३५०० मीटरवर काढतो. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हिमालयाचं कोणतंही पुस्तक विकत घेण्याआधी त्यातला दिवसवार कार्यक्रम या हिशेबाने ताडून पाहावा. हिशेब जुळत नसेल, तर छायाचित्रं कितीही देखणी असोत, पैसे वाचवावेत. स्टीफन बेझ्रुच्का या डॉक्टराचं नेपाळमधल्या पदभ्रमणाचं मार्गदर्शक १९७२ मध्ये पहिल्यांदा निघालं आणि चार दशकं सुधारून निघत राहिलं. त्यात प्रकृतीची काळजी आहे, नेपाळी भाषेची तोंडओळख आहे, लोकांच्या घरात कसं वागावं हेही आहे.

सुधारून निघणं हीच खरी कसोटी, आणि इथे मराठी प्रकाशक कच्चे पडतात. पुनर्मुद्रणाला 'नवी आवृत्ती' म्हणायची खोड जुनी आहे. डोंगर जागचा हलत नाही, नियम मात्र हलतात. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. रूपकुंडच्या वाटेवरचे मुक्काम सांगणारी पानं त्या दिवशी रद्दी झाली. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला. अन्नपूर्णा परिक्रमेच्या बऱ्याच भागात गाडीरस्ता पोचला, त्यामुळे जुन्या पुस्तकातली रम्य पायवाट आता धुरळ्याची निघते. पुस्तकाचं साल आधी पाहावं, लेखकाचं नाव नंतर.

शिखर चढायचं असेल तर मामला आणखी वेगळा. अमेरिकेतल्या 'द माउंटेनियर्स' या संस्थेचं 'फ्रीडम ऑफ द हिल्स' १९६० पासून तंत्राचा पाठ देत आलं आहे, तर १९२९ पासून निघणाऱ्या 'हिमालयन जर्नल'च्या जुन्या अंकांत शिखरांच्या वाटा सापडतात. तरी घसरताना आइस-ॲक्सने स्वतःला कसं रोखायचं, हे पान वाचून येत नाही. त्याला उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला बर्फच लागतो.

आता चामोर्शीच्या माणसाची दुसरी तक्रार. हिमालय राहू द्या, त्याच्या स्वतःच्या मुलखातले डोंगर तरी पुस्तकात आहेत का? बहुतेक किल्लेपुस्तकं नाशिक, पुणे, रायगड, कोल्हापूर एवढ्यात संपतात. वैरागड, माणिकगड, टिपागड यांना शेवटी, 'विदर्भातील इतर' म्हणून जागा मिळते. मार्कंड्याचं देऊळ तीर्थक्षेत्रांच्या पुस्तकात सापडतं, पण तिथून पुढच्या रानाबद्दल शब्द नाही. आणि सह्याद्रीचे नियम इथे जसेच्या तसे लावले तर फसगत ठरलेली. तिकडे पावसाळा म्हणजे भटकंतीचा हंगाम. इकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. रानात वाघ आहे, डासांबरोबर हिवताप आहे, आणि नक्षल चळवळीमुळे पोलिसांना विचारल्याशिवाय आडवाटेला जाऊ नये असा हा भाग वर्षानुवर्षं राहिला आहे.

नकाशाची सबब मात्र आता चालणार नाही. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणावरचे नकाशे २०१७ पासून नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. ते हाताशी घेऊन टिपागडावर कुणी लिहायला बसलं, तर माथ्यावरच्या तलावाची दंतकथा दोन ओळींत आटोपली तरी भागेल. पण वनखात्याची परवानगी कोणत्या कार्यालयातून घ्यायची, मार्चमध्ये पाणी कुठे, गोंडी बोलणारा वाटाड्या कोणत्या गावात मिळेल आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर, एवढं त्यात आलंच पाहिजे; आणि पानाच्या तळाशी, लेखक तिथे शेवटचा कधी गेला होता, तो महिना आणि ते साल.