‘टच ऑफ ईव्हिल’: पाठनिर्णयाचा प्रश्न

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) १९९८ मधील आवृत्ती ‘पुनर्स्थापित’ म्हणून ओळखली जाते. वस्तुतः संकलन स्टुडिओच्या हाती गेल्याने वेल्सला अभिप्रेत असलेली संहिता कधी सिद्धच झाली नव्हती; त्याच्या ५८ पानी टिपणावरून वॉल्टर मर्चने ती रचली. आरंभीच्या सलग चित्रणावरील श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत दूर होताच सीमेवरील गावाचे संमिश्र ध्वनी ऐकू येतात. भयाची सूचना संगीत देत नाही. बॉम्ब ठेवलेल्या मोटारीचा माग प्रेक्षकालाच काढावा लागतो. हा लाभ निर्विवाद आहे. तथापि १९५८ च्या समीक्षेसमोर ही संहिता नव्हती. म्हणूनच प्रदर्शित, पूर्वप्रदर्शनाची व १९९८ ची अशा तिन्ही आवृत्त्या देणारा ब्लू-रे संच मोलाचा ठरतो: तो पाठनिर्णय लादत नाही, पाठचिकित्सेची सामग्री पुरवतो. आपण कोणत्या पाठाविषयी बोलतो आहोत, हे सांगणे आता समीक्षकाचे दायित्व आहे.