कॅरोटिड स्टेंट आणि स्त्री रुग्ण : ‘क्रेस्ट’ चाचणीची चिकित्सा

मानेतील अरुंद झालेल्या कॅरोटिड धमनीत स्टेंट बसवावा की शस्त्रक्रियेने अडथळा काढावा, या प्रश्नावर अमेरिका व कॅनडातील ‘क्रेस्ट’ चाचणीने २०१० मध्ये एकूण परिणामांत लक्षणीय फरक नसल्याचे नोंदविले. २०११ मधील लिंगनिहाय आकडे मात्र सावध करतात. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांचे उपचारकाळातील प्रमाण स्त्रियांत स्टेंट-गटात ६.८, तर शस्त्रक्रिया-गटात ३.८ टक्के होते. पुरुषांत ते अनुक्रमे ४.३ व ४.९ टक्के होते. स्त्री-पुरुषांतील या तफावतीची संख्याशास्त्रीय संभाव्यता ०.०६४, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेच्या किंचित बाहेर. तेवढ्यावरून तफावत नाहीच असे मानणे तर्कदुष्ट होय. २,५०२ रुग्णांत स्त्रिया अवघ्या ८७२. इतक्या संख्येत भेद सिद्ध न होणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे. चार वर्षांच्या एकत्रित निष्कर्षात (स्त्रियांत ८.९ विरुद्ध ६.७ टक्के) हा भेद अधिक पुसट होतो, हे मान्य, पण स्टेंटची जोखीम मुख्यतः उपचारकाळातच असते. स्त्रियांची कॅरोटिड धमनी सरासरीने लहान व्यासाची असते, हे त्यामागील एक संभाव्य कारण. पुढील चाचण्यांत स्त्रियांची पुरेशी संख्या आरंभीच निश्चित केल्याखेरीज या प्रश्नाचा निकाल लागणे कठीण दिसते.