‘रूड’, पण कोणाशी?

पलूसला वर्गात नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिले, ‘कवीची भाषा रूड आहे.’ तिची आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. मी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आणि घरी आल्यावर अस्वस्थ झालो.

इंग्रजीतील ‘रूड’ लॅटिन ‘रूडिस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ कच्चे, न घडवलेले. ‘बूर’ हा मुळात शेतकरी, ‘व्हिलन’ हा शेतावर राबणारा. राबणाऱ्याचे नावच शिवी झाले. आपल्याकडे निराळे काय घडले? संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ हा काव्याचा दोष ठरविला. ‘सभ्य’ म्हणजे सभेत बसण्यास योग्य. मग ज्यांना चावडीची पायरीच चढू दिली नाही, त्यांना असभ्य ठरवायला वेगळा पुरावा कशाला हवा होता?

गावगाड्यातला शिष्टाचार एकाच दिशेने चाले. महाराने वाकून ‘जोहार’ घालायचा आणि पाटलाच्या पोराने म्हाताऱ्या महाराला ‘अरे’ म्हणायचे. ‘अरे’ म्हणणारा उद्धट नव्हता. जोहार न घालणारा मात्र माजलेला होता. ‘जय भीम’ने हा हिशेबच मोडला, कारण तो ताठ उभे राहून, बरोबरीच्या नात्याने करावयाचा. माझ्या वडिलांना गावात ‘अहो’ ऐकू आले ते मी प्राध्यापक झाल्यावर.

‘गोलपिठा’ने पांढरपेशी अभिरुची दचकली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द अपरिचित होते. त्यांनी ते कवीकडून समजून घेतले, त्याच्याबरोबर ती वस्ती पाहिली. न कळलेला शब्द आधी विचारावा, मग त्यावर मत द्यावे, एवढी सभ्यता आपल्या समीक्षेने पाळली असती तरी पुष्कळ झाले असते.

मात्र आपणही स्वतःला सूट देऊ नये. मोर्चातून घरी येऊन बायकोला घातलेली शिवी हा विद्रोह नव्हे. ती गावगाड्याचीच भाषा आहे. फक्त बोलणारे तोंड बदलले. शब्द कोणाच्या अंगावर जातो, वरच्याच्या की खालच्याच्या, हे पाहिल्याशिवाय तो ‘रूड’ आहे की नाही हे ठरत नाही.

पेपर परत देताना मी ती खूण खोडली आणि समासात लिहिले, ‘रूड, पण कोणाशी?’ गुण कापले नाहीत. चूक तिच्या आधी माझी होती.