चौकशीचे व्याकरण : व्हिक्टोरियन घरे आणि रत्नागिरीची भुते

भुताखेतांच्या विषयाची पद्धतशीर चौकशी करावी, हा विचार इंग्लंडातील विद्वानांत बळावला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात. १८७८ मध्ये लंडनला ‘फोकलोअर सोसायटी’ स्थापन झाली आणि १८८२ मध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था निघाली. पहिलीचा विषय लोकांच्या समजुती हा होता, तर दुसरीचा व्यक्तींचे अनुभव हा. दोन्हींची साधने पुष्कळशी एकच होती : प्रश्नावली, पत्रव्यवहार आणि नोंदवही. तथापि या दोन वाटांपैकी फक्त पहिलीच वाट रत्नागिरीपर्यंत येऊन पोहोचली. दुसरी इंग्लंड-स्कॉटलंडमधील मोठ्या घरांच्या जिन्यांपाशीच थांबली. एकाच काळच्या, एकाच विद्वत्परंपरेतील या दोन चौकश्यांची तुलना केली असता असे दिसते की, चौकशी करणारा कोणत्या व्याकरणिक पुरुषात प्रश्न विचारतो, यावर त्याला मिळणारे उत्तर बव्हंशी अवलंबून असते. आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेला ‘फोकलोअर ऑफ दि कोकण’ हा ग्रंथ आजही आधारग्रंथ म्हणून वापरला जात असल्यामुळे या मुद्द्याचा विचार अगत्याचा ठरतो.

प्रथम सायकिकल सोसायटीची रीत पाहू. संस्थेने आरंभीच झपाटलेल्या समजल्या जाणाऱ्या घरांसाठी स्वतंत्र समिती नेमली. समितीच्या दृष्टीने ऐकीव हकिकतीला फारसे मोल नव्हते. ज्याने पाहिले त्याची सही, तारीख आणि जागेचा तपशील यांना मोल होते. १८८५ मध्ये एलिनॉर सिज्विक यांनी मृतांच्या दर्शनाविषयी जमलेल्या पुराव्याची जी छाननी केली, तिच्यातही प्रत्यक्ष साक्ष आणि परंपरेने आलेली साक्ष यांतील भेदाला मोठे महत्त्व आहे. १८९२ मध्ये संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेला चेल्टनहॅम येथील घराचा वृत्तान्त हा या रीतीचा उत्तम नमुना होय. ‘मिस मॉर्टन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या, वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणीने घरात दिसणाऱ्या स्त्रीच्या आकृतीची नोंद अनेक वर्षे ठेवली. आकृती जड आहे की नाही हे पाहण्यासाठी तिने जिन्यावर निरनिराळ्या उंचीवर बारीक दोरे आडवे बांधले. आकृती ते न तोडता त्यांतून निघून गेली, असे तिने नमूद केले आहे. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भासांच्या गणतीत तर सुमारे १७,००० व्यक्तींना एकच प्रश्न विचारण्यात आला : पूर्ण जागे असताना, बाह्य कारण नसता, तुम्हाला कधी काही दिसले, ऐकू आले किंवा स्पर्श जाणवला काय? विचारणा ‘तुम्हाला’ होती आणि उत्तर ‘मी’ या शब्दाने सुरू होणारे अपेक्षित होते. ही प्रथमपुरुषी चौकशी होय.

या रीतीलाही मर्यादा होत्या आणि त्या बॅलेचिन हाउसच्या प्रकरणात उघड झाल्या. पर्थशायरमधील या घराचा पूर्वीचा मालक मेजर रॉबर्ट स्ट्यूअर्ट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी करून परतलेला गृहस्थ होता. पुनर्जन्मावर त्याची श्रद्धा होती आणि मृत्यूनंतर आपण आपल्या आवडत्या कुत्र्याच्या देहात येऊ, असे तो बोलून दाखवीत असे. १८७६ मध्ये तो वारल्यावर घरातील कुत्र्यांना गोळ्या घालण्यात आल्या, अशी कथा आहे. १८९७ मध्ये लॉर्ड ब्यूट यांच्या साहाय्याने हे घर काही महिने भाड्याने घेण्यात आले आणि मिस गुडरिच-फ्रीअर यांनी तेथे पाहुण्यांना बोलावून अनुभवांची रोजनिशी ठेवली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘टाइम्स’मध्ये या उद्योगाची खिल्ली उडविणारा लेख आला, संस्थेतर्फे मायर्स यांनीही या चौकशीपासून अंग काढून घेतले. १८९९ मध्ये तिचा वृत्तान्त पुस्तकरूपाने निघाला, पण तोवर त्याची विश्वसनीयता ओसरली होती. झपाटलेले म्हणून भाड्याने घेतलेल्या घरात जो पाहुणा रात्री जागत बसतो, त्याचे ‘मी ऐकले’ हे विधान प्रत्यक्ष साक्षीचे असले तरी निर्मळ नसते. मात्र ही मर्यादा वाचकाला कळू शकली ती वृत्तान्तात प्रत्येक विधानाचा कर्ता, दिवस आणि खोली दिलेली होती म्हणूनच. चुकीचा माग काढता येईल इतके या नोंदींचे व्याकरण प्रामाणिक होते.

आता कोकणाकडे वळू. ए. एम. टी. जॅक्सन हे मुलकी सेवेतील संस्कृतज्ञ अधिकारी. पश्चिम भारतातील लोकसमजुतींची माहिती त्यांनी प्रश्नावलीच्या द्वारा जमविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे कलेक्टरच्या पदावर असताना त्यांची हत्या झाली. त्यांच्या मागे राहिलेल्या साधनांवरून एन्थोव्हेन यांनी गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये सिद्ध केला. कोकणचा खंड ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकाची पुरवणी म्हणून निघाला. पुढे १९२४ मध्ये ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात या सामग्रीची पुनर्रचना झाली. कोकणच्या खंडातील माहिती प्रामुख्याने रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे या जिल्ह्यांतील शाळामास्तरांनी पुरविलेली आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे ग्रंथात रत्नागिरीच्या नावाखाली आलेली आचरे, मिठबाव यांसारखी गावे आज त्या जिल्ह्यात शोधावी लागतात, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) खवीस, गिऱ्हा, समंध, हडळ यांसारखे शब्द पूर्वीच नोंदले गेले होते; परंतु त्यांची परस्परसंबद्ध व्यवस्था या खंडाने प्रथमच विस्ताराने पुढे मांडली. मुंज झाल्यावर सोडमुंज होण्याच्या आत मेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. देवचार गावाच्या चारी दिशांना असतो आणि त्याला दर वर्षी नारळ, केळी, कोंबडा द्यावा लागतो. सवाष्णपणी मेलेली स्त्री जखीण होते. या यादीवरून एक गोष्ट चटकन लक्षात येते. येथील भुतांचे वर्गीकरण जातीवर आणि अपुऱ्या राहिलेल्या संस्कारावर आधारलेले आहे. चेल्टनहॅमच्या भुताला घराचा पत्ता असतो. रत्नागिरीच्या भुताला जात आणि आयुष्यातील अवस्था असते. खंडाने ही सामग्री जपली नसती तर आजच्या अभ्यासकाला अशी तुलना करणेही कठीण झाले असते.

आक्षेपाचे स्थळ निराळे आहे. ग्रंथातील माहितीच्या तळाशी ‘अमुक गावचा शाळामास्तर’ एवढाच उल्लेख असतो. मास्तरांना ती कोणी सांगितली, सांगणाऱ्याने स्वतः काही पाहिले होते की आजीकडून ऐकले होते, याचा मागमूस राहत नाही. वाक्यरचना बहुधा एकाच साच्याची : अमुक असे मानले जाते, अमुक असे सांगितले जाते. कर्ता ‘लोक’ किंवा तोही नाही. ही तृतीयपुरुषी चौकशी होय. सायकिकल सोसायटीच्या रीतीने जी पहिली गोष्ट विचारली असती, तीच येथे विचारली गेली नाही.

यावर असे म्हणता येईल की, एन्थोव्हेन यांचा हेतू भुतांचे अस्तित्व तपासण्याचा नव्हता. समजुती गोळा करण्याचा होता. साक्षीपुराव्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे अन्यायाचे आहे. हा प्रतिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु समजूत हीच जर नोंदीची वस्तू असेल, तर ती किती दृढ आहे आणि बोलणारा तिची जबाबदारी कितपत घेतो, हा तिच्या स्वरूपाचाच भाग ठरतो. आणि हा भाग मराठी भाषा स्वतःच व्यक्त करीत असते.

पुढील वाक्ये घ्यावीत : ‘तिथे देवचार आहे’, ‘तिथे देवचार असावा’, ‘तिथे देवचार आहे असे म्हणतात’, ‘तिथे देवचार आहे म्हणे’. पहिल्या वाक्यात बोलणारा विधानाची पूर्ण जबाबदारी घेतो. दुसऱ्यात तो अनुमान करतो. तिसऱ्यात तो लोकमताचा हवाला देतो. चौथ्यातील ‘म्हणे’ हे रूप आता क्रियापद राहिलेले नाही; लिंग, वचन, पुरुष यांनुसार ते बदलत नाही आणि वाक्यात पुष्कळसे मोकळेपणाने हिंडते. ‘हे ऐकीव आहे, माझ्या माथी मारू नका’ एवढेच ते सांगते. कधी त्यात सौम्य अविश्वासही मिसळलेला असतो. भाषाशास्त्रात अशा साक्षिदर्शक रूपांकडे लक्ष वेधले गेले ते बोआस यांनी १९११ मध्ये अमेरिकेतील आदिवासी भाषांचा विचार करताना. १९५७ मध्ये याकोबसन यांनी बल्गेरियन क्रियापदातील पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या घटनांचा भेद या कोटीत बसविला. मराठीत हा भेद क्रियापदाच्या प्रत्ययात सक्तीने येत नाही. पण बोलणाऱ्याला तो सहज उपलब्ध असतो आणि भुतांच्या गोष्टीत तर तो पदोपदी वापरला जातो.

या चारही वाक्यांचे इंग्रजी ‘मानले जाते’ असे एकच भाषांतर झाले म्हणजे केवळ छटा पुसल्या जात नाहीत, तर एक नवी गोष्ट आत येते. चारांपैकी एकाही मराठी वाक्यात श्रद्धेचा उल्लेख नाही. ‘आहे म्हणे’ असे सांगणारा शेतकरी कोणाच्या मनाविषयी बोलत नसतो, बोलण्याविषयी बोलत असतो. त्याच्या वाक्यात मानणारा माणूस घालण्याचे काम नोंदीच्या भाषेने केलेले असते. मास्तरांच्या लेखणीत असो वा संपादकाच्या, हा फेरफार झाला की गावातील सावध बोलणे हे गावाचे भोळे मानणे ठरते. सरकारी प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या शिक्षकालाही हा साचा सोयीचाच होता : लोक मानतात असे लिहिले की आपण मानतो काय, हा प्रश्न उद्भवत नाही.

अनुभवाची मराठी रचनाही लक्षणीय आहे. इंग्रजी साक्षीदार ‘मी पाहिले’ असे म्हणतो; तो कर्ता असतो. कोकणातील माणूस बहुधा ‘मला दिसले’, ‘त्याला बाधले’, ‘तिला धरले’ अशा रचना करतो. अनुभव घेणारा चतुर्थीत किंवा कर्मस्थानी असतो आणि धरणाऱ्याचे नाव गाळलेले असते. नाव घेणे टाळण्याकडे हा कल इतका बळकट आहे की ‘बाहेरचे’ हे नुसते विशेषणच नामाचे काम करते. ‘झपाटणे’ या क्रियापदाचे कर्मही मुळात माणूस असते. घराविषयी बोलताना ‘जागेत काहीतरी आहे’, ‘जागा बाधते’ असेच शब्द येतात. ‘झपाटलेले घर’ या प्रयोगावर इंग्रजीची सावली जाणवते. तेव्हा सायकिकल सोसायटीची प्रश्नावली रत्नागिरीत जशीच्या तशी आणली असती, तरीही ती अपुरी पडली असती. ‘तुम्ही काय पाहिलेत?’ या प्रश्नाला व्याकरणानेच तिरके उत्तर मिळाले असते.

या दोन्ही चौकश्यांहून भिन्न अशी एक तिसरी रीत कोकणात पूर्वापार चालत आलेली आहे. घरात एकामागून एक आजारपणे आली, गोठ्यातील जनावर दगावले, नव्या घरात झोप लागेनाशी झाली, म्हणजे गावच्या देवळात कौल लावला जातो. देवाच्या मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या किंवा पाने लावून प्रश्न विचारला जातो आणि उजवी पडली की डावी यावरून उत्तर घेतले जाते. त्यानंतर घाडी किंवा गुरव गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाण्यात देवाला, जागेच्या राखणदाराला समोर उभा असल्याप्रमाणे संबोधून, काही चुकले असेल तर पदरात घे, देणे राहिले असेल ते स्वीकार, अशी विनवणी असते. जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून तिला दुजोरा देतात. ही द्वितीयपुरुषी चौकशी होय. तिच्यात ‘तू आहेस काय’ हा प्रश्नच नाही. ‘तुझे काय राहिले आहे’ हा आहे. संबोधन आणि आज्ञार्थ यांच्या व्याकरणात अस्तित्वाचा प्रश्न उपस्थित होत नाही. म्हणूनच जो गृहस्थ चारचौघांत ‘आहे म्हणे’ असे बेतानेच बोलतो, तोच वर्षाचा नारळ मात्र चुकवीत नाही. त्याच्या वागण्यात विसंगती दिसते ती आचार आणि मत यांना एकाच ‘श्रद्धा’ या शब्दात कोंबल्यामुळे.

या रीतीचाही गौरव करण्याचे कारण नाही. कौलाने आजारी मुलाचे औषध लांबणीवर पडते. दोषाचे बोट कधी एखाद्या विधवेकडे किंवा भाऊबंदाकडे वळते. आणि बॅलेचिनच्या पाहुण्याचे विधान तपासता येते तसा उजव्या पाकळीचा निर्णय तपासता येत नाही. परंतु ती काय करते हे समजून न घेता तिला अज्ञानाचा नमुना म्हणून नोंदविणे, हा अभ्यासाचा मार्ग नव्हे.

पदव्युत्तर प्रबंधांत ‘कोकणातील लोक असे मानतात’ हे वाक्य एन्थोव्हेन यांच्या आधारे आजही लिहिले जाते. त्या खंडातील नावे, स्थळे आणि विधींचे तपशील यांसाठी त्याचा उपयोग अवश्य करावा. लोकांच्या मनाचा पुरावा म्हणून मात्र तो जसाच्या तसा घेऊ नये. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत आज नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक विधानासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : कोण बोलले, त्याला कोठून कळले आणि नेमके कोणत्या शब्दांत बोलले. वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ आले असेल तर ते गाळू नये. प्रमाण मराठीत वाक्य नीटनेटके करण्याच्या भरात आपल्या नोंदवह्यांतूनही नेमका तोच शब्द प्रथम गळतो, आणि त्याचा दोष एन्थोव्हेन यांच्याकडे देता येत नाही.